संपाच्या वर्षीचा हस्तलिखित दिवाळी अंक: तेव्हाच्या पोरांचं लिहिलेलं, काढलेलं कुणाकडे उरलंय का?

करीरोडची | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

आईची खोली आता पुनर्विकासात जाणार म्हणून गेले पंधरा दिवस आवराआवर चालली आहे. पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. वर शिलाई मशीनचे सुटे भाग, मध्ये बाबांची गिरणीतली कागदपत्रं आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आमच्या चाळीचा हस्तलिखित दिवाळी अंक. साल १९८२.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार. डॉ. दत्ता सामंत नेते. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे त्या वर्षीची दिवाळी आली तेव्हा आमच्या घरात दहा महिने पगार आलेला नव्हता. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर.

त्या दिवाळीत चाळीतल्या पोरांनी अंक काढला. फुलस्केप कागद, बहात्तर पानं, एकच प्रत. बोरूने आणि शाईपेनाने लिहिलेला, डाव्या बाजूला सुतळीने शिवलेला. मुखपृष्ठावर गिरणीची चिमणी आहे, धूर नसलेली. काळा रंग आणायला पैसे नव्हते, म्हणून स्टोव्हची काजळी खोबरेल तेलात कालवून चिमणी रंगवली होती. मला ते पक्कं आठवतं, कारण तेल आमच्या घरचं होतं आणि आईने त्यावरून मला झापलं होतं. आज चाळीस वर्षांनी त्या तेलाचा पिवळा डाग चिमणीभोवती पसरत पसरत तिसऱ्या पानापर्यंत उतरला आहे. तांबडा रंग म्हणजे कुंकू. तो समोरच्या पानावर उमटला आहे, तेव्हा संपादकीयाच्या मधोमध एक फिकट तांबडा सूर्य दिसतो.

संपादक एकोणीस वर्षांचा होता. वडिलांच्या जागी बदली म्हणून लागायचं ठरलं होतं त्याचं. लिहिणाऱ्यांत सगळ्यात लहान मी, इयत्ता आठवी. माझंही एक पान आहे.

असे अंक तेव्हा लालबाग, परळ, नायगाव, वरळी, सगळीकडे निघायचे. संपाआधीही निघायचे. गणपतीत, दिवाळीत, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला. ते सगळे गेले कुठे? कुणाकडे वही, अंक, चित्र, एकांकिकेची संहिता, मंडळाच्या फळ्याचा फोटो, काहीही असेल तर इथे सांगा. मी तळमळीने विचारते आहे. आमच्या खोलीसारख्या किती खोल्या आत्ता रिकाम्या होत असतील, आणि ट्रंकेच्या तळाशी काय आहे हे न बघताच ट्रंक भंगारात जात असेल.

---

नायगावकर | शनिवार, रात्री ११:१५

ताई, अंगावर काटा आला. फोटो टाका ना मुखपृष्ठाचा. आमच्या वाचनालयात असे अंक दोरीला टांगलेले असायचे. एकच प्रत, म्हणून घरी न्यायची परवानगी नव्हती. तिथेच बाकावर बसून वाचायचं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. कथेपेक्षा अभिप्रायांवर जास्त भांडणं व्हायची.

---

रानवारा | रविवार, सकाळी ८:०५

धागा आवडला. मला नेहमी वाटतं की खरं साहित्य हालअपेष्टांतूनच येतं. नारायण सुर्वे बघा, अण्णाभाऊ बघा. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची. सुर्व्यांना तर गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढवलं. पोटाला चिमटा बसला म्हणून शब्दांना धार आली. आजच्या मुलांना सगळं हातात मिळतं, त्यामुळे लिहायला काही उरत नाही. संपाने कामगारांचं नुकसान केलं हे मान्य, पण साहित्याला दिलं भरपूर.

---

खडूवाला | रविवार, दुपारी १२:५०

रानवारा, तुम्ही वयाने लहान असाल असं धरून लिहितो. राग नाही, पण हे बोलणं मला सहन होत नाही.

मी आमच्या मंडळाचा फळा लिहायचो. नाक्यावर, जिन्याच्या तोंडाशी, सहा बाय चारचा लाकडी फळा. संपाआधी त्यावर सुविचार, क्रिकेटचा स्कोअर, कुणी दहावी पास झालं तर अभिनंदन, कुणी गेलं तर श्रद्धांजली. संप सुरू झाल्यावर द्वारसभा कुठे, किती वाजता, धान्य कुठे मिळणार, कोणत्या चाळीत कोण आजारी. रात्री अकरानंतर रस्ता सुना झाला की मी आणि माझा धाकटा भाऊ फळा पुसायला घ्यायचो. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात भिजत घालायचे. मग रंग दाट बसतो आणि हात लागला तरी लगेच पुसला जात नाही. एप्रिलनंतर आईने साखर द्यायचं बंद केलं, चहाच गुळाचा झाला होता. मग साध्या पाण्यात भिजवायचो. सकाळपर्यंत अर्धं चित्र उडून गेलेलं असायचं.

अक्षरं माझी आणि चित्रं भावाची. तो सोळा वर्षांचा. एकदा त्याने फळाभर नुसता एक हात काढला होता, साच्यावर तुटलेला धागा जोडणारा. दोन बोटांच्या चिमटीत सुताची टोकं. खाली मी काही लिहिलंच नाही, लिहायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायच्या वेळी (पाळी नव्हतीच, पण माणसं सवयीने खाली उतरायची) वडिलांच्या वयाची दहा-बारा माणसं त्या फळ्यासमोर गप्प उभी होती. रात्री मी तो फळा पुसला नाही. चार दिवस तसाच ठेवला.

भाऊ जे. जे. ला, चित्रकलेच्या कॉलेजात, जायचा होता. फॉर्मही आणला होता. ऐंशीच्या दशकात काय काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही. आधी गावाला, मग हॉटेलात, मग आखातात. पुन्हा त्याने खडू हातात धरला नाही. मी त्याच्यापेक्षा कमी प्रतीचा, तरी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवून घर चालवलं, फ्लेक्स येईपर्यंत. आज भाऊ साठीला आला आहे. नातवाला चित्र काढून दे म्हटलं की उठून बाहेर जातो.

तेव्हा संपाने साहित्याला, कलेला दिलं भरपूर, असं म्हणण्याआधी माझ्या भावासारख्यांची मोजणी करा. त्यांची पुस्तकं नाहीत म्हणून ती तुम्हाला दिसत नाहीत.

---

नायगावकर | रविवार, दुपारी १:२०

काका, तो हात कुणी फोटोत पकडला असेल का हो?

---

खडूवाला | रविवार, दुपारी १:३२

नाही. कॅमेरा कुणाकडे होता?

---

सायक्लोस्टाइल | रविवार, संध्याकाळी ६:१०

खडूवाला यांच्या प्रतिसादाला उत्तर द्यायची माझी हिंमत नाही, पण रानवारा यांनी घेतलेल्या दोन नावांबद्दल लिहितो.

सुर्वे आणि अण्णाभाऊ गरीब होते म्हणून लिहू लागले, ही अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे त्यांच्याभोवती माणसं होती. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. म्हणजे लिहिलेला पोवाडा दुसऱ्या दिवशी म्हणायला डफ होता, साथीदार होते आणि समोर हजारो कामगारांची सभा होती. सुर्वे गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक झाले, पण त्याच काळात चळवळीत होते, सभांना जात होते, तिथे ऐकत आणि म्हणत होते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ ला आलं तेव्हा ते पस्तिशीत होते. तोवरची सगळी वर्षं त्यांना ऐकणारं कुणीतरी होतं. गरिबी तर त्यांच्या शेजारच्या खोलीतही तेवढीच होती.

गिरणगावात हे ऐकणारं कुणीतरी फुकट मिळायचं. कामगार कल्याण केंद्रं होती. तिथे संध्याकाळी कॅरम, वाचन, शिवणवर्ग, आणि वर्षातून एकदा नाट्यस्पर्धा. परळला दामोदर नाट्यगृह होतं, तिथे गावोगावच्या मंडळांचे कार्यक्रम लागायचे. व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत तालमी. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहत असतील तर पोरगा लिहिणार कुठे? तो खाली वाचनालयात लिहायचा. म्हणून मला वाटतं, संपाच्या पहिल्या वर्षी जे लिहिलं गेलं ते संपाने दिलेलं नव्हतं. आधीच्या पन्नास-साठ वर्षांत जी वाचनालयं, जी मंडळं, जो शेजार उभा राहिला होता, त्याची ती पुण्याई होती. पैसा थांबला तरी ती घडी वर्ष-दीड वर्ष टिकली. मग माणसं पांगली, वर्गणी थांबली, आणि अंक थांबले. ताई, तुमच्या चाळीत १९८३ चा अंक निघाला का?

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. नाव बघून कळलंच असेल. सायक्लोस्टाइल केलेली तीन चोपडी आहेत, कवितांची, त्याच काळातली. ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी: मेणाचा थर असलेला स्टेन्सिल कागद यायचा. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, म्हणजे मेण खरवडलं जाऊन अक्षराची वाट मोकळी होते. मग तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. देवनागरीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे गाठीची अक्षरं. ‘ळ’, ‘क’, ‘व’ यांच्या पोटातला कागद फाटून पडायचा आणि छापताना तिथे नुसता काळा ठिपका उमटायचा. माझ्या एका चोपडीत ‘काळोख’ या शब्दाचे सगळे ‘ळ’ असे भरून गेले आहेत.

मराठीत ही वाट आधीच पडलेली होती. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि मंडळींनी ‘शब्द’ हे कवितांचं छोटं मासिक पन्नासच्या दशकात सायक्लोस्टाइलवरच काढलं, तेव्हा चित्रे विशीतही नव्हते. साठच्या दशकात अनियतकालिकांची रांग लागली. १९७२ ला, दुष्काळाच्या वर्षी, नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं आणि त्याच साली दलित पँथर उभी राहिली. त्यामुळे १९८२ च्या पोराला माहीत होतं की प्रकाशक नसला तरी अडत नाही.

---

करीरोडची | रविवार, रात्री ९:००

१९८३ चा अंक निघाला नाही. तुम्ही विचारलंत आणि मी थबकले, कारण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. अंकासाठी घरोघरी दोन-दोन रुपये वर्गणी काढायचे, ती कुणी द्यायची? आणि संपादक तोवर गावी गेला होता. वाचनालयाची खोली नंतर कुणाला तरी भाड्याने दिली.

---

संगमेश्वरी | सोमवार, सकाळी ७:३०

ताई, मुंबईचं तुम्ही लिहिलंत, मी गावाकडचं लिहितो.

तेव्हा मी दहावीत होतो. त्या वर्षी शिमग्याला चाकरमानी आले ते परत गेलेच नाहीत. एरवी पालखी नाचवून, फणसाची भाजी खाऊन माणूस आठ दिवसांत एसटी पकडायचा. त्या साली घराघरांत माणसं वाढली आणि भात तेवढंच. पण पोरं आली होती ना मुंबईची! त्यांना नाटक माहीत होतं. आमच्या वाडीच्या नमनात गण, गौळण झाली की पुढे वग असायचा, राजा-प्रधानाचा. त्या पोरांनी वगात गिरणी आणली. राजाच्या राज्यात हातमाग बंद पडलेत, प्रधान म्हणतो खजिना रिकामा, आणि राणी सुताच्या गुंडीला विचारते, तुला कुणी कातलं. तिचं ते भाषण ऐकताना मागच्या ओळीत बसलेली म्हातारी माणसं रडली. राणी झालेला मुलगा सतरा वर्षांचा होता, बापाबरोबर मुंबईहून आलेला. नेसलेली साडी गिरणीचीच, सवलतीत घेतलेली.

शक्ती-तुऱ्यातही, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जवाबाच्या सामन्यातही, तसे सवाल पडायला लागले. देवाधर्माचे सवाल विचारून झाले की एक शाहीर समोरच्याला विचारायचा की ज्याच्या घरी सूत नाही त्याने जगाला कापड कसं दिलं, सांग. उत्तर जागेवर बांधायचं असतं. त्या सवालांची चोपडी, शाहिराच्या हातची, आमच्या वाडीत अजून आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात. वगाची मात्र संहिता नाही, कारण ती कधी लिहिलीच नव्हती. भातलावणीत बांधावर उभं राहून तोंडी बसवली.

कोकणातल्या माणसांनाही विचारा, एवढंच म्हणणं. मुंबईत जे थांबलं त्यातलं काही इकडे आलं होतं.

---

सोलापूरची_लेक | सोमवार, दुपारी ३:४०

मी मुंबईची नाही, गिरणीचीही नाही म्हणावी तर. वडील गिरणीत होते, आमच्याकडच्या गिरण्याही बंद पडल्या. मग घर चाललं ते आईच्या विड्यांवर. घरात तेलुगू, शाळेत मराठी.

विड्या वळताना हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे असतात. म्हणून मोठी बहीण मोठ्याने वाचायची आणि आम्ही तिघी वळायचो. दिवसाला हजार विड्या पुऱ्या व्हायला लागायच्या, त्यातल्या तिच्या वाट्याच्या आम्ही वाटून घ्यायचो. वाचून झालं की ती गोष्ट पुढे काय होईल हे प्रत्येकीने सांगायचं. मी सांगितलेलं बहिणीला आवडलं तर ती ते तंबाखूच्या पुड्याच्या कागदावर लिहून ठेवायची. माझी पहिली ‘कथा’ अशी लिहिली गेली, तेरा वर्षांची असताना, आणि ती लिहिणारा हात माझा नव्हता.

सायक्लोस्टाइल यांचं म्हणणं मला पटतं. आमचं वाचनालय म्हणजे ते सूप मांडीवर घेऊन बसलेलं कोंडाळं होतं. पण एक सांगायचं आहे. ह्या धाग्यावर वाचनालय, व्यायामशाळा, नाका, फळा ही सगळी मुलांची ठिकाणं आली. मुली कुठे बसायच्या? करीरोडची ताई, तुमच्या अंकात मुली किती?

---

करीरोडची | सोमवार, रात्री १०:०५

एकोणीस लिहिणाऱ्यांत चार. मी आत्ता पुन्हा मोजून आले. रांगोळ्यांची दोन पानं आहेत, त्यांवर नावच नाही. म्हणजे सहा धरू या.

मी कधीच वाचनालयात बसले नाही. माझं पान मी आईच्या शिलाई मशीनवर, झाकण लावून, रात्री सगळे झोपल्यावर लिहिलं. संपादक ते न्यायला दारात आला तेव्हा आईने त्याला बाहेरच उभं ठेवलं. संपाच्या त्या वर्षात आई आणि शेजारच्या बायकांनी जेवणाचे डबे केले, ब्लाउज शिवले, पापड लाटले. खानावळवाल्या बायकांचं ‘अन्नपूर्णा’ प्रेमा पुरव यांनी १९७५ लाच उभं केलं होतं, त्यामुळे बायकांनी घर ओढायचं हे गिरणगावाला नवीन नव्हतं. मुली हाताशी लागायच्या. लिहायला वेळ मिळायचा तो असा, चोरून.

---

रानवारा | मंगळवार, सकाळी ८:२०

खडूवाला काका, दोन दिवस काय लिहावं ते सुचत नव्हतं. माझं ते वाक्य चुकलं. मी पुस्तकांतून जे पाहिलं त्यावरून बोललो. तुमचा भाऊ त्यात नव्हता. माफ करा.

एक खरोखरचा प्रश्न आहे. जयंत पवारांचं गिरणी कामगाराच्या घरावरचं ‘अधांतर’ रंगभूमीवर आलं १९९७ ला. पवार १९६० चे, म्हणजे संपाच्या वेळी एकवीस-बावीस. त्यातला थोरला मुलगा लेखक व्हायला निघालेला, घरी बसलेला. ते नाटक यायला पंधरा वर्षं गेली. मग त्या वेळी पोरांनी लिहिलेलं आणि पुढे मोठं होऊन लिहिलेलं, यांत आपण कशाला जपायचं? कच्चं लिखाण जपण्यासारखं असतं का?

---

सायक्लोस्टाइल | मंगळवार, सकाळी ९:४५

असतं. पंधरा वर्षांनी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो. ताईंच्या अंकातल्या एकोणीस जणांना माहीत नव्हतं की गिरण्या पुन्हा तशा सुरू होणार नाहीत, चिमण्यांच्या जागी मॉल येतील. त्यांना वाटत होतं पुढच्या महिन्यात मिटेल. ते ‘पुढच्या महिन्यात मिटेल’ पुढे कुणालाच लिहिता येत नाही, कितीही मोठा लेखक असला तरी.

---

खडूवाला | मंगळवार, दुपारी २:१५

रानवारा, माफी कसली. वाचत राहा.

भावाला हा धागा वाचून दाखवला. त्याने हाताबद्दलचा भाग दोनदा वाचायला लावला. म्हणाला, चिमटीत सूत नव्हतं, सूत मी काढलंच नव्हतं, नुसती बोटं होती. तुम्ही लोकांनी सूत बघितलं.

---

निवृत्त_ग्रंथपाल | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

करीरोडची, अंकाबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी. फाटलेल्या पानांना सेलोटेप अजिबात लावू नका, दहा वर्षांत तो कागद तपकिरी करून टाकतो. लॅमिनेशन तर नकोच. जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी आधी काढा, त्या कागदातलं आम्ल अंकात उतरतं. मुखपृष्ठ आणि पहिलं पान, तसंच कुंकू उमटलेली पानं, यांच्यामध्ये पांढरा कोरा कागद घाला. सुतळी उसवू नका. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ, उन्हात नव्हे, उजेडात. प्रत्येक पान पूर्ण, कडांसकट, कोरी पानंसुद्धा.

संगमेश्वरी, शाहिराच्या चोपडीची वाळवी पसरण्याआधी ती बाकी पुस्तकांपासून वेगळी ठेवा. ज्यांना ती म्हणता येते अशी माणसं हयात असतील तर चोपडीचे फोटो राहू द्या, आधी त्यांचा आवाज मोबाइलवर घ्या.

---

संगमेश्वरी | मंगळवार, रात्री ८:१०

एक आहेत. ब्याऐंशी वर्षांचे. शनिवारी जातो.

---

करीरोडची | बुधवार, रात्री ११:२०

ग्रंथपाल सरांनी सांगितलं तसंच केलं. मुलगा आणि मी दोघांनी मिळून बहात्तरच्या बहात्तर पानांचे फोटो काढले. कोऱ्या पानावर सात अभिप्राय आहेत, त्यांतला एक बाबांचा आहे हे मला माहीत नव्हतं. ‘अंक वाचला. अक्षर चांगले आहे.’ खाली सही आणि तारीख. बाबांना सहीपलीकडे लिहिताना मी पाहिलं नव्हतं.

नायगावकरांनी फोटो मागितले होते, ते उद्या टाकते. इतरांची पानं त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकणार नाही, सात जणांचा पत्ता लागला आहे. माझं पान माझंच आहे, ते इथे जसंच्या तसं उतरवते. शुद्धलेखन तेवढं सुधारलं आहे.

*आमच्या घरातून गेलेल्या वस्तू*
*(इयत्ता आठवी)*

*पहिला रेडिओ गेला. बिघडला म्हणून दिला असं आई म्हणाली, पण तो सकाळी वाजत होता. मग बाबांची सायकल गेली. मग पितळेची घागर गेली. घागर गेली तेव्हा मोरीत तिच्या बुडाचा गोल राहिला. तो मी राखेने घासला, पण निघत नाही. आईची मोहनमाळ गेलेली नाही. ती गहाण आहे, संप मिटला की येणार आहे. मग आजी गावाला गेली. आजी वस्तू नाही, पण ती पण गेली म्हणून लिहिते.*

*शिलाई मशीन आहे. देव आहेत. घड्याळ आहे.*

*भोंगा आमच्या घरातला नव्हता, पण तो गेला हे घरात कळतं. बाबा अजून त्याच वेळेला उठतात. दात घासतात, डबा जिथे असायचा तिथे बघतात, आणि मग खाटेवर बसून राहतात. मी जागी असते, पण झोपल्यासारखी पडून राहते.*